पाण्याच्या गटातली मावशी

तुमच्या दंडात शेवटची सुई गेली तेव्हा आत काय आहे, हे तुम्ही विचारलं होतं का? नसणारच. बाटलीमावशीनंही विचारलं नव्हतं, आणि ती तर फटकळ तोंडासाठी अख्ख्या इमारतीत प्रसिद्ध.

विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात वरच्या मजल्यावर जंतूंचा विभाग आहे. तिथल्या बाटल्या, काचेची भांडी धुण्यात मावशीचा जन्म गेला. रक्त मिसळलेल्या जेलीवर जंतू वाढवायच्या चपट्या बशा आधी वाफेच्या भट्टीत घालायच्या, जंतू मेले की घासायच्या, उलट्या निथळत ठेवायच्या. विभागाचं नाव झालं ते एकाच जंतूपायी. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस. हा दोन-दोनच्या जोडीनं हिंडतो आणि अंगात साखरेचा कोट घालतो. मावशी त्याला जोडगोळी म्हणायची.

विभागाच्या व्हरांड्यात मोठ्या डॉक्टरांच्या तसबिरी ओळीनं लागल्यात. पहिल्यांनी शोधलं की जोडगोळीचे कोट नाना तऱ्हेचे असतात. दुसऱ्यांनी घोड्यांना जंतू टोचून त्यांच्या रक्तातून औषध काढलं. पण एका कोटाचं औषध दुसऱ्या कोटाला लागू पडेना, आणि कोट ओळखेपर्यंत रोगी गार. मावशीची सासू त्या घोड्यांची लीद काढायची. व्हरांड्यात घोड्याचीही तसबीर आहे, सासूची नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी थेट कोटाचीच लस केली, आणि मग लागली माणसं.

माणसं म्हणजे कोण, तर हाताशी असतील ती. झाडणारे, धुणारे, लाँड्रीवाले. निम्म्यांना लस टोचायची, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे कुणालाच सांगायचं नाही. पद्धत चोख आहे, त्याशिवाय लशीचं खरंखोटं कळत नाही. प्रयोग संपला की पाणीवाल्यांनाही लस द्यायची, असं तिसऱ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मावशी तेव्हा नवी नवरी. लाँड्रीतल्या नणंदेबरोबर तिनं बाही वर केली.

पण प्रयोग संपला तर ना. चौथे डॉक्टर म्हणाले, अजून थोडी वर्षं बघू, वजन येईल. पाचव्यांना आपल्या नावाचा एक निबंध हवा होता. सहावे परदेशात भाषणाला निघाले होते. मारुतीच्या शेपटासारखा प्रयोग लांबत गेला. दरवर्षी मंडळींचं रक्त काढायचं, चहाबिस्कीट द्यायचं, घरी धाडायचं. मधे कुणी निवृत्त झालं, कुणी मेलं. मेलेल्यांचा आलेख फार सुबक आला म्हणतात.

मावशीला मात्र त्या सुईचा भारी तोरा. "आमच्या अंगात तिसऱ्या डॉक्टरांची लस आहे," असं ती भाजीवाल्यालाही सांगायची. दर थंडीत खोकून खोकून बेजार व्हायची, तरी म्हणायची, "लस नसती तर केव्हाच गेले असते." गेल्या थंडीत खरंच जायची वेळ आली. न्यूमोनियानं तिला आपल्याच कॉलेजच्या वॉर्डात आडवं केलं. सुटी देताना वॉर्डातल्या डॉक्टरनं बजावलं, "मावशी, पुन्हा झाला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत." मावशीनं त्यालाच दटावलं, "मला शिकवू नकोस. मी लस घेतलेली बाई आहे."

त्याच वर्षी विभागाला शंभर वर्षं झाली. सभागृहात फुलं, लाऊडस्पीकर, पहिल्या रांगेत कोटवाले. आताच्या विभागप्रमुख मॅडमनी मावशीला व्यासपीठावर बोलावलं, हातात गुच्छ दिला आणि अभिमानानं जाहीर केलं, "आमच्या पाण्याच्या गटातल्या या शेवटच्या हयात सदस्य." टाळ्यांचा कडकडाट. मावशीनं गुच्छ घेतला, हसली, फोटो काढू दिला. पायऱ्या उतरताना तिच्या डोक्यात शब्द शिरले. पाण्याच्या गटातल्या.

नणंद खुर्चीत पदराआड हसत होती. तिला लस मिळाली होती, तसं मॅडमनी तिला कानात सांगितलं होतं.

"वहिनी, इतकी वर्षं कशाच्या जोरावर मिरवत होता हो?"

"मिठाच्या, वन्सं. तुमच्या घरी आल्यावर तेवढंच चाखायला मिळालं."

जीभ शाबूत होती, पण वॉर्डातल्या डॉक्टरचं बजावणं आता आठवलं. पुढची थंडी दाराशी आलेली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत शिरली आणि बाही वर करून उभी राहिली. "द्या आता माझी लस."

मॅडमनी प्रेमानं खुर्ची दिली. "मावशी, प्रयोग चालू आहे अजून. तुम्हाला टोचलं तर तुलनेला कोण उरणार? सगळ्या संशोधनावर पाणी पडेल."

"माझ्यावर पडलं तेव्हा कुठं होता तुम्ही?"

"मी शाळेत होते तेव्हा."

"मग आता मोठ्या झालात ना?"

मॅडम मुरलेल्या. समितीपुढं विषय मांडू, म्हणाल्या. समिती थंडी सरल्यावर बसायची होती. खाली लस टोचायच्या खिडकीवरही मावशी जाऊन आली, पण तिथल्या माणसानं संगणकात पाहून मान हलवली. विभागाची सूचना होती, प्रयोगातल्या माणसाला परस्पर टोचायचं नाही. मुलगा म्हणाला, "आई, बाहेर कुठंतरी घेऊ." तर ही तडकली. "ज्यांनी पाणी टोचलं, तेच लस टोचतील. मी काय चोर आहे बाहेर जायला?" हट्ट खुळा होता, आणि जीव तिचाच टांगणीला होता. पण तिच्यापुढं बोलणार कोण?

मग वार्षिक रक्ताचा दिवस उजाडला. सिस्टर सुई घेऊन आली, तर मावशीनं हात पदराखाली घेतला.

"रक्त नाही देणार जा."

सिस्टरनं सुई खाली ठेवली. दार लोटून हळूच म्हणाली, "नका देऊ मग. मी या प्रयोगातून बाहेर पडते, एवढं म्हणायचं. कधीही म्हणता येतं. मग तुम्ही साधं माणूस. खिडकीवाला अडवूच शकत नाही."

"कधीही?"

"पहिल्या दिवसापासून."

मावशीनं पदर खोचला. "आणि हे आजवर कुणी सांगितलं नाही ते?"

"कुणी विचारलं नाही, मावशी."

मावशी उठली, मॅडमच्या दारात गेली आणि सगळा व्हरांडा ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "मी या प्रयोगातून बाहेर पडले. आता तुलना तसबिरीतल्या घोड्याशी करा." मॅडमनी अडवून पाहिलं, इतिहास, विज्ञान, मानवजात, सगळं काढलं. मावशी जिना उतरून खिडकीपाशी पोहोचलीसुद्धा. या वेळी तिनं पहिल्यांदा कुपी हातात घेतली, उजेडाकडे धरली, खिडकीवाल्याकडून वरचं नाव वाचून घेतलं आणि मगच दंड पुढं केला. रात्री दंड सुजून टम्म झाला. पाण्याच्या वेळी असं काही झालं नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं, आणि ती स्वतःलाच दोन शिव्या घालून झोपली.

विभागाचा नवा निबंध निघालाय. त्यात म्हटलंय की पाण्याच्या गटातला शेवटचा सदस्य 'पाठपुराव्यातून गमावला', म्हणजे पुढं त्याचा पत्ता लागला नाही. गमावलेली ही बाई रोज सकाळी भाजी आणायला जाते आणि भाजीवाल्याशी भांडते.

तेव्हा एक काम करा. पांढऱ्या कोटातलं कुणी बाही वर करायला सांगेल तेव्हा करा, लस जरूर घ्या, प्रयोगालाही मदत करा. पण आधी विचारा, आत काय आहे, हे संपणार कधी, आणि मला यातून निघायचं झालं तर कसं. आणि मोठ्यानं विचारा, रांगेत तुमच्या मागं उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.