होटगीत धाकटीनं केलेली प्रार्थना

शनिवारी नगरहून सोलापूरची एसटी धरली, तेव्हा पर्समध्ये दोन पानी प्रार्थना लिहून घेतली होती. धाकटी बहीण शांता सोलापूरजवळ होटगीला दिलेली. तिच्या नवऱ्याचं सोमवारी हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि रविवारच्या उपासनेत त्यांच्यासाठी मी प्रार्थना करावी असं ठरलं होतं. तीस वर्षं कचेरीत मसुदे लिहिलेली बाई मी! देवापुढं गबाळं बोललेलं मला खपत नाही. शांतानं तर चौथीतच शाळा सोडली, तिला हे कसं जमणार?

करमाळ्याला चहा पिऊन आले आणि बसले ती नेमकी चष्म्यावर. झाली का पंचाईत!

होटगीला पोचले, तर शांता दारातच उभी. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं म्हणाली, "सलाम, आक्का! दमलीस न्हवं?" लग्नानंतर तिची बोलीही इथलीच झाली आहे. दवाखान्यातून नुकतीच आली होती, तरी माझ्यापुढं गरम माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) ठेवलंच.

रविवारी पत्र्याच्या छपराच्या प्रार्थनामंदिरात चपला बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन आम्ही जाजमावर बसलो. पाळकांनी माझं नाव घेतलं. उठून कागद उलगडला. "हे परमदयाळू..." पुढं नुसत्या मुंग्या! सगळे डोळे मिटून वाट बघताहेत आणि मी चष्म्याविना कागद कधी नाकाशी धरतेय, कधी लांब.

शांता उठली. "बस तू, आक्का. बापाकडं जायाला कागद कशाला गं?"

आणि बोलू लागली, "बापा, मी आले. काल बी आलते. ह्यांना उद्या दहाला आत नेत्यात. डॉक्टर मला भाईर बसवणार. तुला कोण अडवणार हाय? तू आत जा. माझा मानूस मला परत पायजे. येशूच्या नावानं, आमेन."

ना गयावया, ना भीती. मागून एक म्हातारी म्हणाली, "व्हय, बापा." अगं बाई, माझा ऊर असा भरून आला! ही माझी बहीण, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

सोमवारी भाऊजींना आत नेलं. मी घड्याळाकडं बघतेय आणि शांतानं डबा उघडला.

"अगं, घास उतरतो तरी कसा तुला?"

"बाप आत हाय की. जेव तू."

तीन वाजता डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले. तेव्हा कुठं शांता रडली.

चार दिवसांनी परत निघाले. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "सोलापुरात कोण असतं?" एरवी मी "बहीण आहे, खेड्यात" म्हणून विषय संपवायचे. आज सगळं सांगितलं, आणि वर म्हटलं, "तुमचं काही असेल तर बोला, तिला फोन करते."

बाई माझ्याकडं सरकल्या. मग हळूच त्यांनी आजारी मुलाचं नाव सांगितलं.

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बाईंचे डोळे माझ्यावर.

मग त्या भरलेल्या गाडीत मी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "बापा, मी शांताची बहीण."