दाजींचा बेस

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, हे मला मान्य आहे. पबमध्ये लोक येतात ते प्यायला, नाचायला आणि आपली आवडती गाणी कुणीतरी आपल्यापेक्षा बऱ्या आवाजात म्हणतंय हे ऐकायला. पण न बघणं वेगळं आणि समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाला पुसून टाकणं वेगळं. आमच्या दाजींचं जे केलं ते दुसरं. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते, तेव्हा सांगताना मी कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी दाजी म्हणायचे म्हणून गायकही म्हणायला लागला, मग पबचा मालक, मग गिऱ्हाइकंसुद्धा. ताई म्हणायची, "मला एवढी भावंडं आहेत हे लग्नात कुणी सांगितलंच नाही!" बँडमध्ये आम्ही तिघंच. गायक गाता गाता गिटार वाजवायचा, दाजी बेसवर आणि मी ड्रम्सवर.

दिवसभर दाजी टायरच्या दुकानात काम करायचे. बोलण्याच्या बाबतीत भारी कंजूष. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत दुसरं काम उरकून घ्यायचं, असा आमच्या घरातला रिवाज. बँडमध्ये ते आले साधी गिटार घेऊन, पण बेस वाजवायला कुणी तयार होईना. "कुणीतरी वाजवायलाच हवं ना," म्हणाले आणि जाड तारांची ती जड गिटार त्यांनी गळ्यात अडकवून घेतली. नंतर कितीही सांगितलं तरी ती सोडली नाही. घरी सराव करायचे तो वीज न जोडता, पलंगाच्या कडेला बसून, मांडीवरच्या गिटारच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकवून. तार छेडली की लाकडातला आवाज जबड्यातून थेट कानात जातो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ही युक्ती. ताई म्हणायची, "माझा नवरा दुपारभर गिटारला चावत बसतो."

आता गायकाबद्दल. त्याचा आवाज चांगला होता, हे मी नाइलाजाने कबूल करते. पण त्याला एक खोड होती. समोर चार माणसं नाचताना दिसली की त्याला धीर धरवायचा नाही. कडवं पुरं व्हायच्या आतच तो ध्रुवपदावर उडी मारायचा. साऱ्या जगात याला चूक म्हणतात. पण आमच्या पबमध्ये ती कुणाला कळलीच नाही, कारण गायकाचा खांदा जरा उचलला गेला की दाजी ओळखायचे, हा आता निघाला. तो उडी मारायचा तेव्हा बेस त्याच्या आधी तिथे पोचलेला असायचा, आणि बेसच्या मागोमाग मी. पडणाऱ्याच्या खाली कुणीतरी हळूच गादी सरकवावी तसं. वर्षानुवर्षं गादीवर पडून त्या शहाण्याला वाटायला लागलं, की आपण कधी पडतच नाही.

मग लॅपटॉप आला. त्यात तयार आवाज भरलेले. व्हायोलिन, तुताऱ्या, मागे गाणाऱ्या बायका, जे म्हणाल ते. माझ्या कानात हेडफोन बसला आणि त्यात ठेक्याची टिकटिक सुरू झाली. बेस मात्र मी पूर्वीसारखाच दाजींच्या छोट्या ॲम्पमधून, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या स्पीकरमधून ऐकायचे, तो माझ्या मांडीला लागूनच ठेवलेला असायचा. बाहेर लोकांना जाणारा सगळा आवाज गायक एका टॅबवरून वरखाली करायचा. इथपर्यंत ठीक होतं. पण लॅपटॉप कुणासाठी थांबत नाही आणि कुणासोबत उडीही मारत नाही. गायक नेहमीसारखा पुढे पळायचा, दाजी सवयीने त्याच्या मदतीला धावायचे, आणि लॅपटॉप आपला सरळ रस्त्याने चालत राहायचा. नुसता गोंधळ. त्यावर गायक काय म्हणाला? "दाजींचं हल्ली लक्ष नसतं." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

दाजी भांडले नाहीत. "बघतो," एवढंच म्हणाले आणि रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर लॅपटॉपमधली गाणी लावून सरावाला बसायला लागले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याला सांभाळलं, तो आता सांभाळायचं विसरण्याचा अभ्यास करत होता. काही आठवड्यांनी गोंधळ खरंच थांबला; खाली गादी नाही म्हटल्यावर गायकाच्या उड्याही बंद झाल्या. गायकाने पाठीवर थाप मारली, "बघा, आता कसं जमलं!" त्या दिवशी दाजी जेवताना आपणहून बोलले. "जमतंय आता," ताईला म्हणाले. चेहरा असा, की बढती मिळाली असावी.

एका रविवारी दुपारी पब गच्च भरला होता. ऐन रंगात आलेल्या गाण्यात दाजींच्या गिटारच्या पट्ट्याचा स्क्रू निसटला आणि गिटार खाली घसरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी झेलली आणि गुडघ्यावर धरून स्क्रू चाचपायला लागले. माझ्या शेजारचा ॲम्प गप्प झाला. आणि समोरच्या मोठ्या स्पीकरमधून बेस वाजतच राहिला. गोल, स्वच्छ, कुठे खोट काढायला जागा नाही असा.

दाजींनी मान वर केली. आधी स्पीकरकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग माझ्याकडे. समोर लोक नाचत होते.

मध्यंतरात मी गायकाला बारमागच्या खोलीत गाठलं. बाटल्यांचे क्रेट, ओले पोछे आणि मधोमध हा, काखेत टॅब. दाजी दाराशी उभे.

"दाजींचा आवाज बंद केलायस?" मी विचारलं.

"बंद नाही गं. बाहेर लॅपटॉपचा बेस सोडलाय. स्टेजवर त्यांना त्यांचा ऐकू येतोच की."

"कधीपासून?"

"झाले की तीन-चार महिने." मग दाजींकडे वळून, आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात, "दाजी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मध्येच कुठेतरी निघून जायचा. लोक पैसे देऊन येतात हो. तुम्ही असेच उभे राहा, वाजवत राहा, मजा करा. स्टेज भरल्यासारखं दिसतं."

"ते निघून जात नव्हते!" मी ओरडले. "तू पळत होतास! ते तुझ्या मागे येत होते!"

"काहीही काय बोलतेस? मी कधी चुकलोय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. हातातल्या काठ्या त्याच्या टाळक्यात घालाव्यात असं मला वाटलं, आणि घातल्या नाहीत याचं अजून वाईट वाटतं. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "चला, वेळ झाली." मला त्यांचाही राग आला.

पण स्टेजवर गेल्यावर त्यांनी स्क्रू आवळून गिटार गळ्यात घातली, दोन पावलं पुढे आले, अगदी दिव्याखाली, आणि हाताची घडी घातली. गाणं सुरू झालं. बेसही सुरू झाला. दाजी घडी घालून उभे. ते समोरच्या एकेका चेहऱ्याकडे बघत होते. मला कळलं, ते वाट बघतायत. या एवढ्या माणसांतल्या एकाने तरी शेजारच्याला कोपराने ढोसावं, बोट दाखवावं, हसावं तरी. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. एक बाई नाचत नाचत अगदी त्यांच्यापुढे आली, त्यांच्याकडे बघून हसली आणि गिरकी घेऊन गेली. गायकाला घाम फुटला होता, पण त्यालाही हळूहळू समजलं की घाबरायचं कारण नाही. शेवटपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नाही.

लोक पांगल्यावर मालक आला. दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, आज बेस एकदम कडक! पोटात घुमत होता!"

दाजी हसले. मग त्यांचं हसणं थांबलं. इतक्या वर्षांत मी न पाहिलेलं काहीतरी त्यांच्या तोंडावर आलं. "बसा जरा," ते मालकाला म्हणाले. विनंती नव्हती ती. मालक बसला. दाजींनी ॲम्प ओढत त्याच्या समोर आणला, वायर जोडली आणि तेच शेवटचं गाणं सुरू केलं. मी काठ्या उचलल्या. पहिल्या सुराला माझे हात आपोआप सैल झाले. ते किंचित मागे रेलून वाजवतात, जिथे श्वास घ्यायचा तिथे तारेला घेऊ देतात, कडव्याच्या शेवटी एक सूर असा धरून ठेवतात की पुढच्या ठेक्यावर माझा पाय पडतो तो आनंदाने पडतो. महिनोन् महिने हे फक्त माझ्या मांडीपाशी वाजत होतं.

मालकाने मान डोलावली, फोन काढून बघितला, परत खिशात घातला. गाणं संपल्यावर म्हणाला, "छान. पण तेच ना हे?"

"हे मी वाजवलं," दाजी म्हणाले.

"हो हो. पण ऐकायला तेच ना?"

गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणायला मी तोंड उघडणार होते, पण दाजींनी वायर काढली होती. सामान आम्ही दोघांनीच बाहेर नेलं. गायक मदतीला आला तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो परत गेला.

गाडीत सगळं भरून झालं. दाजी चावी हातात धरून बसून राहिले. ऊन डोळ्यांवर येत होतं. मला वाटलं, आता रडतील, आणि काय करावं कळेना. मग त्यांनी समोर बघतच विचारलं,

"तुला तरी फरक कळतो ना गं?"

"कळतो!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की शेजारच्या गाडीतल्या माणसाने मान वळवली. "कळतो, दाजी!"

गायकाचा राग मला आला होताच, मालकाचाही. पण या माणसाला हे विचारायची पाळी आली, त्याचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.