काकूच्या बाजेवरचे जिओफोन

सर्वेवाले आले की मागून जमीन जाते, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणून कुरुद गावच्या शेतांत कोणी वायरी अंथरतंय कळल्यावर मी पत्रकं आणि माणसं घेऊनच गेले. मथळा ठळक छापला होता : ‘आमच्या पायाखाली काय शोधता? आधी सांगा!’

पथकाची प्रमुख नागपूरकडची बाई निघाली. तिने पत्रक उभ्यानेच वाचलं. म्हणाली, “बरोबर आहे. सरपंचाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, असं होत नाही.” आणि सगळ्यांसमोर सांगायला लागली. जमिनीत खोल भोक पाडून त्यात सुरुंगाची दारू भरायची आणि स्फोट करायचा. हादरा खाली जातो, कडक दगडात जोरात पळतो, मऊ थरात रेंगाळतो, वळून वर येतो. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर खोचलेले जिओफोन, म्हणजे खिळ्यावर बसवलेले कानच, तो कधी पोचला ते टिपतात. त्यावरून कित्येक किलोमीटर खालचे थर समजतात.

“कोळसा? लोखंड?” मी दरडावून विचारलं.

“नाही. इथलं भूकवच किती जाड आहे, ते.”

“आणि गावाजवळच्या प्लांटची घरघर? ती नाही येत तुमच्या कानांत?”

“तिची सवय झाली. ओळखून बाजूला काढते.”

दुपारी ती स्क्रीनपाशी थबकली. भोक भरून तयार होतं. भरलेली दारू परत काढता येत नाही, अंधार पडायच्या आत उडवावीच लागते. नोंद हुकली तर भोक वाया. आणि स्क्रीनवर एका शेतातल्या कानांच्या सगळ्या रेघा एकदमच हलत होत्या. “जमीन अशी हलत नाही,” ती म्हणाली. “हे कान एका जागी आलेत.”

ते शेत माझ्या काकूचं. धावत गेलो तर काकू बाजेवर बसलेली, आणि शेजारी सुतळीत सगळे जिओफोन ओळीने खोचलेले.

“काकू, हे काय करून राहिली तू?”

“बकऱ्या तुडवून राहिल्या होत्या ना वं! महागाचं सामान. उचलून ठेवलं. वायर नाही तोडली मी.”

बाई पोट धरून हसली. “काकू, आज तुमच्या बाजेचीच तपासणी झाली असती.”

“मंग कर ना. दोन सुतळ्या ढिल्या हायेत.”

धरणं द्यायला आणलेली माणसं मी धुऱ्यावर पसरवली. बाई प्रत्येकाजवळ जाऊन दाखवायची, खिळा सरळ, घट्ट मातीत. चुकला की स्वतः गुडघ्यावर बसायची. नोंदीत थरथर मिसळू नये म्हणून मी ओरडून शेतातले पंप बंद करवले. काकू काठी घेऊन बकऱ्यांपुढे उभी राहिली. ऊन उतरत होतं.

तळपायाला धप्प जाणवलं, बस. स्क्रीनवर रेघा उठल्या, जवळची आधी, लांबची मागून, तिरप्या उतरणीने.

“याच्यात मायावालं वावर कोणतं?” काकूने विचारलं.

बाईने बोट ठेवून दाखवलं. किती साहेबांसमोर बसले मी, पत्रकातल्या प्रश्नाला आजवर कोणी सरळ उत्तर दिलं नव्हतं. तिने मागे उभ्या असलेल्यांना पुढे बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.