टाकीमागचे लांबटांगे

सुम्पिंगमावशीला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. किनाबालू डोंगराच्या पायवाटेनं तांदळाची पोती पाठीवर घेऊन वरच्या विश्रामगृहापर्यंत चढायची, खाली आली की थेट कोबीच्या वाफ्यात. त्या वर्षी ओल्या कातळावरून ती घसरली आणि गुडघा गेला. हाडवैद्यानं बजावलं, पाय हलवायचा नाही.

मग काय, तिनं घर डोक्यावर घेतलं. ओसरीवर आडवी पडून आम्हाला कामं सांगायची, बोटं मोडायची, खुरडत दारापर्यंत जाऊन परत यायची.

ओसरीलगतच्या पाण्याच्या टाकीमागं दमट फळ्यांवर लांबटांग्यांचा पुंजका असायचा. केसासारखे पाय, मधे मिरीएवढं अंग. एका सकाळी तिचा नवरा, लुंगकिमकाका, केरसुणी घेऊन आला.

"हे कोळी झाडून टाकतो. चावले म्हणजे?"

"कोळी कुठले? जाळं दिसतंय का एक तरी?" मावशी खेकसली. "कोळ्याला मधे कंबर असते. हे म्हणजे नुसती एक गोळी. हातावर घेतलेत मी, चावत नाहीत. फार तर वास सोडतात. दिवसभर तेच तर बघतेय, दुसरं आहे काय मला?"

तोवर केरसुणी फिरली होती. पुंजका थरथरला, पांगला. एकाचा पाय तुटून खाली पडला आणि तिथंच वळवळत राहिला. काका दचकून मागं सरला.

"पाय इथं नाचतोय आणि धनी पसार!" मावशी हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच.

पुढं तिची नजर त्या एकावरच. आधी तो कलायचा, पोट फळीला टेकायचं. पुढची वाट चाचपायचे दोन लांब पाय मात्र शाबूत होते. थोड्याच दिवसांत त्यानं चाल बदलली आणि पहिल्यासारखा पळू लागला.

"पाय पुन्हा फुटेल का गं?" मी विचारलं.

"छे. गेला तो गेला. तो कोपऱ्यातला बघ, पाचांवरच हिंडतोय."

"बघ, तो करतोय का कुरकुर?" काकानं चिमटा काढला.

"त्याला आठ होते हो! मला दोनच. आणि त्याला तुमचा भात रांधायचा नसतो!"

त्यानंतर एका दुपारी घरात कुणी नाही असं पाहून तिनं गुडघ्याला फडकं आवळलं आणि डोंगराची वाट धरली. वाटेवरच्या पहिल्या विसाव्याच्या छपराच्याही अलीकडं, पायरीवर आम्हाला सापडली. रागानं रडत होती. काकानं तिला पाठीवर घेतलं.

"टाकू नका मला वाटेत," ती म्हणाली.

"गप बस. पोत्यापेक्षा हलकीच आहेस."

गुडघा पुरता सरळ झालाच नाही. आता ती पायथ्याच्या फाटकाशी हमालांची ओझी बांधून देते, गाठ सैल दिसली की ओझी वाहणाऱ्या पोरींना फैलावर घेते. मधेच थांबून ढगातल्या वाटेकडं बघते, आणि कुणी बघतंय असं वाटलं की उगाच कुणावर तरी ओरडते.