कुंथूआप्पांचा नियम

चिकोडीत पाइप आणि मोटारपंपांची दुकानं पुष्कळ आहेत, पण रविवारी मालक भेटायचा तर डोंगरात शोधायला जावं लागतं असं दुकान एकच. ते कुंथुनाथांचं. सगळा गाव त्यांना कुंथूआप्पा म्हणतो. साठीला टेकलेला माणूस, मुलगी दीप्ती बेळगावात दिलेली, मुलगा गोमटेश दुकान सांभाळण्याइतका मोठा झालेला. अशा माणसानं सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घ्यावं, दिवसभर गल्ल्यावर बसावं आणि संध्याकाळी सुनेचा शोध घ्यावा, अशी जगाची अपेक्षा असते. आप्पा हे सगळं करत होतेच. फक्त शनिवारी दुकानाचं शटर पडलं की पाठीला पिशवी, हातात काठी आणि बेळगावची बस. तिथून रेल्वेनं लोंढा, आणि लोंढ्याच्या पुढं जंगल.

तिथं काय मिळतं, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, तिथं कुणी भाव कमी करा म्हणत नाही. खरं म्हणजे त्यांना स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. लहानपणी पोरांना त्यांनी तिथल्याच ओढ्यात पोहायला शिकवलं होतं. लग्नानंतर एकदा बायकोलाही, राजमतीला, हौसेनं नेलं होतं. तिच्या पायाला जळू लागली. ओढून काढली तर जळू मरेल, म्हणून ती माउली जळूचं पोट भरेपर्यंत दगडावर पाय पसरून बसून राहिली. घरी आल्यावर तिनं हात जोडले आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. आप्पांना मात्र तिनं कधी अडवलं नव्हतं.

अडवलं ते गेल्या वर्षी. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा नियम आप्पांनी शाळेत असल्यापासून पाळलेला. त्या दिवशी डोंगर उतरायला उशीर झाला. शहाणा माणूस उजेड आहे तोवर खाली उतरला असता. आप्पांना मात्र मावळतीला आलेला सूर्य दिसला आणि पहिल्यांदा भाकरी आठवली. कातळावर बसून त्यांनी निवांत जेवण केलं, फडक्यातून गाळून पाणी प्यायले आणि मग अंधारात उतरायला लागले. दोन दगडांच्या मध्ये पाय अडकून हाड मोडलं. मोबाईलला रेंज नाही. सकाळी लाकडं गोळा करणाऱ्या बायकांना सापडले तेव्हा कण्हत होते, तरी आपण नियम मोडला नाही हे त्यांनी आधी सांगितलं. त्या बायकांना त्याचं काय! त्यांनी झोळी करून आप्पांना खाली आणलं.

पाय बरा झाला, पण घर बदललं. गोमटेशनं त्यांचे बूट परस्पर कुणाला तरी देऊन टाकले. आप्पांनी नवे आणले. गोमटेशनं ओळखलं की हा माणूस धाकानं ऐकायचा नाही, पण घेतलेला नियम जीव गेला तरी मोडायचा नाही. गावात मुनी महाराजांचा चातुर्मास चालला होता. प्रवचन झालं की लोक उठून श्रीफळ ठेवायचे आणि नियम घेऊन कुणी साखर, कुणी बटाटा, कुणी टीव्ही सोडायचा. आप्पांनाही तिथं सगळ्यांसमोर उभं करायचं आणि जंगल सोडायला लावायचं, असा बेत ठरला. राजमतीनं मान डोलावली. गोमटेशनं उठवलं म्हणून आप्पा उभे राहिले, तेव्हा त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. श्रीफळ गोमटेशनंच हातात दिलं आणि महाराजांना सांगितलं, आप्पांना आजपासून जंगल सोडायचंय.

एक ‘हो’ म्हटलं की जन्माचं जंगल संपलं, हे आप्पांना कळलं. पोराचा त्यांना भयंकर राग आला.

“मला न्हाय सोडायचं, महाराज,” ते म्हणाले. “ह्यास्नी सोडवायचंय. तुमी उन्हातान्हातनं गावोगाव चालता, तुमास्नी घरात बसा म्हनायची कुनाची छाती न्हाय. मी बायकापोरं सांभाळून चालतो, तर माझंच चुकलं व्हय?”

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. महाराज रागावले नाहीत. दुसऱ्याच्या तोंडून आलेला नियम आम्ही देत नाही, ते म्हणाले. स्वतःहून काय सोडता ते सांगा.

आप्पांनी क्षणभर मुलाकडं पाहिलं.

“वाहन,” ते म्हणाले. “आजपासनं मरंपर्यंत चाकावर बसनार न्हाय.”

गोमटेशला तर आनंदच झाला. गाडी नाही, रेल्वे नाही, म्हणजे लोंढा आपोआप सुटला. त्यानं पेढे वाटले. राजमतीनं पेढा हातात तसाच धरून ठेवला. ती नवऱ्याला ओळखून होती.

आप्पा चालायला लागले. निपाणीला कुणाचं बारसं असलं तर आदल्या दिवशी निघायचे. पायात बळ आलं आणि दिवाळीनंतर त्यांनी जाहीर केलं, लोंढ्याला चाललोय. वाटेत मुक्कामाला गावागावांत बस्ती आहेत, चार-पाच दिवस लागतील. गोमटेशनं घर डोक्यावर घेतलं. दारात गाडी असून पोरगं बापाला पायी हिंडवतंय, असं लोक म्हणतील, हे त्याचं खरं दुखणं.

निघायच्या सकाळी आप्पा बूट घालून उंबऱ्यात आले, तर समोर राजमती उभी.

“मीबी नियम घेतलाय,” ती म्हणाली. “महाराज गावातनं जायच्या आदल्या दिवशी. तुमी माझ्या नजरेआड रात्र काढलीसा, तर परत तुमचं तोंड दिसंपर्यंत मी अन्नपानी घेनार न्हाय.”

हे मला बांधून घालणं झालं, असं आप्पा कसंबसं बोलले.

“तुमचा पाय मोडला, ते सगळ्यांनी बघितलं. त्या रात्री हितं माझ्या जिवाचं काय झालं हुतं, कुनी इचारलं न्हाय. तसली रात्र मी आता काढनार न्हाय. साकू, बास झालं आता.”

नियम मोड असं आप्पा जन्मात कुणाला सांगू शकले नसते, बायकोला तर नाहीच. लोंढ्याचं जंगल आपल्यासाठी संपलं, हे त्यांना त्या पायरीवर समजलं. ते खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

राजमती आत जाऊन आली. खांद्याला पिशवी, पायात दीप्तीचे जुने कॅनव्हासचे बूट.

“काढतासा कशाला?” ती म्हणाली. “नजरेआड म्हनलंय मी. जाऊ नका म्हनलं न्हाय.”

गोमटेश धावत आला. त्यानं गाडी बाहेर काढली. आईच्या गुडघ्यांची आठवण करून दिली, आप्पांना चालू दे, तू तरी गाडीत बस, मी हळूहळू मागून आणतो म्हणाला.

“ह्यांनी नियम घेताना मला इचारलं न्हाय,” राजमती म्हणाली. “मी घेताना ह्यास्नी इचारलं न्हाय. आता तुला कशाला इचारू? जा, दुकान उघड.”

आणि नवऱ्याच्या हातातली काठी घेऊन ती रस्त्याला लागली. आप्पा घाईघाईनं नाड्या बांधत तिच्या मागून निघाले.