सगळा दोष पिकचा

गिटारची तार छेडायची ती प्लॅस्टिकची तिकोनी चकती, म्हणजे पिक. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी वस्तू. तिच्यापायी गेलं वर्षभर मी स्वतःचं आणि बायकोचं डोकं खाल्लं.

तीस वर्षं मी एकाच जातीचा, मध्यम जाडीचा पिक वापरला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होतो तेव्हाही तोच, आणि ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर रोज संध्याकाळी घरात पाऊण तास बसायचो तेव्हाही तोच. हा पाऊण तास माझा होता. दिवसभर शेतावर मजुरांच्या नावाने ओरडलेला माणूस त्या पाऊण तासात जरा बरा व्हायचा. मग गेल्या दिवाळीनंतर वाजवता वाजवता पिक बोटांत फिरायला लागला. टोक तारेवर असायचं तिथे कड यायची, सूर घसरायचा. मी चरफडत म्हणालो, हल्ली प्लॅस्टिकच हलकं येतंय.

आता असं म्हणणं मूर्खपणाचं वाटेल, पण आमच्याकडे हेच शिकवलं जातं. आम्ही पिंपळगाव बसवंतचे द्राक्षवाले. विरळणीच्या दिवसांत घडातले जास्तीचे मणी छोट्या कात्रीने काढत दिवसभर बागेत उभं राहायचं. ज्याची त्याची कात्री वेगळी, कोणी कोणाला हात लावू देत नाही. हात दुखतो म्हटलं की वडील म्हणायचे, "कात्री बदल." बदलली की दुखणं खरंच थांबायचं. हाताचंही काही बिघडू शकतं, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी उजव्या हाताला सारख्या मुंग्या यायला लागल्या तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की मनगटातली नस कितीतरी वर्षं दबलेली आहे. ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या, पण अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला होता, तो काही भरला नाही. टाके काढून झाल्यावर महिन्याभराने दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फार उशिरा आलात. चिमटीतला जोर आता एवढाच." मी मान हलवली आणि तिथून थेट गंगापूर रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार तिशीतला, समजूतदार. त्याने काउंटरवर पिक मांडले. अर्ध्या मिलिमीटरचा पातळ पिक वाकतो, सगळ्या तारा एकदम छेडल्या की गोड खुळखुळतो. पण एकेक सूर काढायला गेलं की नुसतं चटचट. दीड मिलिमीटरचा वाकत नाही, सूर भरीव येतो. पण तो वाकत नाही म्हणून सगळा धक्का बोटांना पेलावा लागतो. एकाची पाठ खरखरीत, घाम आला तरी न सुटणारी. एक मोठा, तिन्ही कोपरे सारखे. अंगठ्यात अंगठीसारखा घालायचाही एक होता, त्याचं टोक खालून वर येताना तारेत अडकत होतं. नुसत्या बोटांनी वाजवावं, तर बोटांच्या टोकांना तार कळत नव्हती.

"काका, जरा सैल धरा. जितका सैल, तितका सूर मोकळा," तो म्हणाला.

पिक जेमतेम हातात राहावा म्हणून मी जीव खाऊन धरला होता, आणि त्याला वाटलं मी तो उगीच आवळतोय. मोठा पिक मी रागाने खाली टाकला. "हा फालतू आहे," म्हटलं. त्याने तोच उचलला आणि सहज चार सूर वाजवले. दुकान भरून गेलं. मला रडू येईलसं वाटलं. "गिटार चांगली आहे हो तुमची," एवढंच बोललो आणि तोच पिक विकत घेतला, बरोबर मांडलेले बाकीचेही एका खोक्यात भरून.

घरी माझी परीक्षक एकच, बायको. तिला सूर-ताल काही शिकवलेलं नाही, पण कान भयंकर. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची, पाठ माझ्याकडे. तीस वर्षांत तिने माझं कौतुक केलेलं आठवत नाही. "आज काय मांजर धरलंय का?" हे तिचं सौम्य मत. म्हणून मी एकेक पिक वाजवून विचारायचो, आणि ती म्हणायची, "हा बरा हाय." दुसऱ्या दिवशी दुसरा. "हा बी बरा हाय."

एका संध्याकाळी मला संशय आला. मी एक तुकडा वाजवला, जरा थांबलो, खोक्यातले बाकीचे पिक उगीच खुळखुळवले आणि त्याच पिकने तोच तुकडा पुन्हा वाजवला. दुसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा वाईट वाजला.

"हा लय गोड वाजतो. हाच ठेवा," ती म्हणाली.

गोड. हा शब्द तिने माझ्यासाठी कधीही वापरला नव्हता. ज्या बाईने सगळा जन्म मला खरं सांगितलं, ती आता आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होती.

"एकच होता," मी म्हणालो. "दोन्ही वेळा."

तिने गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर येऊन खाली बसली.

"मला काय ऐकू येत नाय का?" ती म्हणाली. "पिक बदलून काय होणार हाय? हातच राह्यला नाय तुमचा. रोज ऐकवत नाय मला. आता बास करा, अहो."

मी भांडायला तोंड उघडलं. हा पिक अजून नवा आहे, सवय व्हायला वेळ लागतो, असं काहीतरी सांगणार होतो. तो तिला दाखवायला हात पुढे केला. ती माझ्या चिमटीकडे बघतच राहिली, म्हणून मीही बघितलं. तिथे पिक नव्हताच. तो कधी पडला ते मला कळलं नव्हतं.

तिने तो माझ्या पायापासून उचलला, पदराला पुसला आणि माझ्या डाव्या हातात दिला.