लाडकुंवरकाकींचा चहा

चहा सोडायचा तर माणसाने गुपचूप सोडावा. गल्लीला सांगून सोडू नये, आणि दुसऱ्याच्या नावाने तर मुळीच सोडू नये. हे मी लाडकुंवरकाकींच्या तोंडावर कितीदा बोलले असेन! दर वेळी त्या मान डोलवायच्या आणि दर वेळी स्वतःचंच खरं करायच्या. इतकी गोड आणि इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही.

धुळ्यात देवपूरला आम्ही त्यांचे भाडेकरू होतो. माझे यजमान रेल्वेत, चाळीसगावला. ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. काकी मारवाडी, जैन. नवरा तरुणपणी गेला, मूलबाळ नाही. कापडाचं दुकान आणि घर दोन्ही दीर भंवरलाल पाहायचे. अशा घरात विधवा भावजयीला जेवढा मान मिळतो तेवढा काकींना मिळायचा, आणि त्यावर त्यांची तक्रारही नव्हती. त्यांची चैन एकच, चहा. आलं चालत नसे म्हणून त्यात सुंठ घालायच्या. दूध म्हशीचं. सकाळचं सामायिक, म्हणजे त्यांचं घटकाभराचं ध्यान, आटोपलं की ओसरीवर बसून बशीत ओतून असा फुरका मारायच्या की माझ्या खोलीत ऐकू यायचा. मग दुपारी एकदा, आणि दिवस मावळायच्या आत शेवटचा.

काकींचं माहेर पिंपळनेरचं. बासष्ट साली माहेरी गेल्या असताना त्यांच्या भावाच्या दुकानी धान्याची पोती वाहणारा भिकन आपल्या मुलीला सोबत घेऊन आला. मुलगी अकरा वर्षांची, नाव बेबा. पोत्यांवरची अक्षरं ती एकेक करून वाचत होती. ते काकींनी पाहिलं आणि त्यांच्या मनाने घेतलं. त्यांना स्वतःला तिसरीतून काढून लग्नाच्या मांडवात बसवलेलं. त्या भिकनला म्हणाल्या, हिला मी शिकवते. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "लई जा बाई तिले. आठे गावमा ऱ्हायनी ते ऊस तोडाले जाई."

घरी आल्यावर भंवरलालांनी कपाळाला हात लावला. आदिवासीची पोर, मांसमच्छी खाणारी, ती आपल्या स्वयंपाकघरात? काकींनी भांडण केलं नाही. सरळ माझ्या दारात आल्या. "मास्तरीणबाई, तुम्ही एकट्याच राहता. पोरगी तुमच्याकडे निजेल, जेवेल. फी, पुस्तकं, कपडे, धान्य, सगळं माझं." मी हो म्हटलं. मुलगी गुणी होती. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगल्या भाकरी थापायला लागली.

इथवर सगळं छान होतं. बिघडलं ते त्या वर्षीच्या चातुर्मासात.

चातुर्मासात साध्वी एका गावी मुक्काम करतात. त्यांना महासतीजी म्हणायचं. त्या उतरतात त्या जागेला स्थानक म्हणतात. रोज स्थानकात प्रवचन, आणि प्रवचन संपलं की बायका उठून बाधा घेतात. बाधा म्हणजे अमुक गोष्ट अमुक काळ वर्ज्य. कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी साखर, कुणी पायात चप्पल घालत नाही. काकी त्या दिवशी उठल्या आणि सगळ्या पेठेदेखत म्हणाल्या, "बेबा मॅट्रिक पास होईपर्यंत मला चहाची बाधा द्या."

सगळ्या बायकांनी धन्य धन्य म्हटलं. मी घरी आल्यावर त्यांना विचारलं, "अहो, पोरगी पाचवीत आहे. मॅट्रिक म्हणजे अकरावी. काही हिशेब?"

"जीभ माझी, त्रास माझा," काकी हसून म्हणाल्या. "तिला काय त्याचं?"

तिलाच त्याचं सगळं होतं. त्याच आठवड्यात काकींचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या आणि ओसरीवर डोळे मिटून बसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही, बेबाची मॅट्रिक होऊ द्या, मग बरं वाटेल." हे त्या कौतुकाने म्हणायच्या. पोर दाराआड उभी राहून ऐकायची.

गल्लीने तर ताळच सोडला. बेबा पाणी भरायला गेली की नळावर बायका, "काय गं, आमच्या काकींना चहा कधी पाजतेस?" दुकानाचा मुनीम, "बेबाबाई, गणितात किती पडले? काकींचा कप धुऊन ठेवू का?" सातवीत तिला ताप आला, दोन पेपर बुडाले, तेव्हा भंवरलालांची बायको झमकूबाई मला म्हणाली, "म्हणजे अजून एक वर्ष वहिनींच्या डोक्याला ताप." आजारी कोण होतं, हे तिला दिसतच नव्हतं. मी तिला चांगलं सुनावलं. त्यानंतर ती माझ्याशी चार महिने बोलली नाही. मला काही फरक पडला नाही.

शाळेने तोंडी परीक्षा घेऊन बेबाला वर चढवलं, पण अभ्यासाची तिला भीती बसली ती बसलीच. वर्गात विचारलं तर उत्तर येई, पेपर समोर आला की पाटी कोरी. एकदा मी चिडून तिला म्हटलं, "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" तेव्हा ती म्हणाली, "बाई, काकीनं डोकं दुखस, आनि माले अक्षर दिसत नही."

मी तडक काकींकडे गेले. म्हटलं, बाधा सोडा. त्या वर्षी दुसऱ्या महासतीजी होत्या, समजूतदार. त्याही म्हणाल्या, मोडायची तर प्रायश्चित्त आहे, एक-दोन उपवास करा, झालं. काकींनी दोन्ही कानांना हात लावले. "चहासाठी प्रायश्चित्त घेऊ? लोक म्हणतील हिची जीभच सुटली नाही." आता काय बोलायचं? या बाईने पोरीसाठी स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या. दिराचे टोमणे खाल्ले होते. तिला वाईट म्हणायची सोय नव्हती, आणि चांगली म्हणायला गेलं की माझ्या डोक्यात तिडीक उठायची.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये बेबा मॅट्रिकला बसली. इंग्रजी आणि गणितात नापास. ऑक्टोबरला पुन्हा बसली. गणित सुटलं, इंग्रजी राहिलं. काकी एका शब्दाने रागावल्या नाहीत. "होईल मार्चला," म्हणाल्या आणि कपाळाला सुंठ लावून बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्चलाही इंग्रजी गेलं. त्या उन्हाळ्यात जळगावला सरकारी दवाखान्यात नर्सचं शिक्षण सुरू होत असल्याचं मला कळलं. सातवी पास मुलगी चालत होती, राहणं-खाणं तिथेच, आणि शिकून झालं की गावच्या दवाखान्यात नोकरी. मी बेबाला सांगितलं. तिच्या तोंडावर असा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या आईचं तिसरं बाळंतपण दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीत झालं होतं. आई त्यातून उठली नव्हती. बेबाला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

काकी म्हणाल्या, "जाऊ दे ना. आधी मॅट्रिक होऊ दे, मग जाऊ दे."

"तोवर तिची जागा जाईल!" मी ओरडलेच. "तिथे मॅट्रिक लागत नाही, काकी!"

"तिथे नसेल लागत. माझ्या बाधेला लागते."

मी पाय आपटत घरी आले. दोन दिवस भाडेकरू आणि घरमालकीण एकमेकींशी बोलल्या नाहीत. मधे बेबाची आणखीच कुचंबणा.

पुढे जे झालं ते बेबाच करू जाणे. त्या घराच्या सावलीत आठ वर्षं राहून ती दुसरं काही शिकली नसेल, पण बाधा म्हणजे काय ते शिकली होती. आषाढात चातुर्मास लागला. पहिल्याच प्रवचनानंतर ती बायकांमधून उठली. "माले बी बाधा द्या," म्हणाली. महासतीजींनी कौतुकाने विचारलं, काय सोडतेस, बेटा?

"मॅट्रिकनं पुस्तक. काकी चहा पीत नही तोवर हात लावाव नही."

आधी बायका हसल्या. मग एकेकीच्या ध्यानात आलं आणि साऱ्या वळून काकींकडे पाहू लागल्या. महासतीजी म्हणाल्या, ज्ञानाची बाधा आम्ही देत नाही. बेबा म्हणाली, "मंग मनी बाधा मीच लिधी." आणि खाली बसली.

काकी अडकल्या. दुसऱ्याची बाधा मोडायला लावणं हे त्यांच्या लेखी पाप. पोरीने पुस्तक उघडल्याशिवाय मॅट्रिक नाही, मॅट्रिकशिवाय चहा नाही, चहाशिवाय पुस्तक नाही. मला वाटलं, आता तरी चहा घेतील. छे! रात्री माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, "मास्तरीणबाई, जळगावच्या गाडीला कधी बसायचं तिने?" लेकीला न्यावं तशी त्यांनी तिला स्वतः जळगावला नेलं, वाटेत एरंडोलला मोटार थांबली तिथे तिला केळी घेऊन दिली, आणि आल्या त्या चहाशिवायच ओसरीवर बसल्या.

बेबा नर्स झाली. पिंपळनेरजवळच्या दवाखान्यात लागली. डोंगरातल्या पाड्यांवरून बायका तिच्या हाताने बाळंत व्हायला यायच्या. पहिल्या पगाराचं लुगडं घेऊन पांढऱ्या साडीत ती काकींच्या पाया पडली, तेव्हा काकींनी तिची अलाबला घेतली, बोटं मोडली, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "मॅट्रिक तेवढी झाली असतीस तर!" मी तिथून उठून गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, "पोरगी गुणाची हो, फक्त शिक्षण अर्धवट राहिलं." काय म्हणावं या बाईला!

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात काकींनी अंथरूण धरलं. पोटात गाठ होती. बेबा रजा घेऊन आली. ज्या स्वयंपाकघरात तिला कधी येऊ दिलं नव्हतं तिथे आता झमकूबाई तिला पेज करायला पाठवत होती. एका दुपारी मी काकींच्या उशाशी बसले होते. अन्न जात नव्हतं. माझ्याने राहवेना. म्हटलं, "काकी, अहो पोरीने केवढं करून दाखवलं! अजून तुम्ही ते मॅट्रिकच धरून बसलात? घोटभर चहा घ्या. मी करून आणते."

त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. त्या दिवशी त्या माहेरच्या बोलीत बोलल्या. "तवय माले मॅट्रिक एवढा एकच शब्द माहीत व्हता, बाई. पोर आखो दुसरं काही व्हई सकस, हाई माले कोनी सांगंच नही. माहीत ऱ्हातं ते मी तेच नही मांगतू का?"

बारा वर्षांचा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. दारात बेबा पेजेची वाटी घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने वाटी खाली ठेवली आणि मला बाहेर बोलावलं.

"बाई, इंग्रजीनं पुस्तक शे का तुमनाकडे?"

"आणि तुझी बाधा?"

"मोडी टाकसू," ती म्हणाली. "कोनी तरी मोडाले पाहिजे ना."

मी खोलीत जाऊन पुस्तक शोधलं, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिलं. परीक्षा ऑक्टोबरात होती. काकींनी पोळ्यापर्यंत काढलं तरी खूप, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, आणि ते बेबालाच सांगितलं होतं.